फिटच्या गोळ्या चालू असताना प्रतिजैविक घ्यायचे झाल्यास

सर्वांत आधी चालू गोळीची पट्टी पालटून पाहावी आणि कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव व मात्रा कागदावर उतरवून घ्यावी. ‘फिटची गोळी चालू आहे’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही, कारण प्रत्येक औषधाचे प्रतिजैविकांशी वैर वेगळे असते.

कागदावर कार्बामाझेपिन असेल, तर घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन अथवा एरिथ्रोमायसिन लिहून दिले जात असताना तो कागद तेथेच पुढे करावा. ही दोन्ही प्रतिजैविके यकृतातील औषधाचा निचरा करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे कार्बामाझेपिनचा निचरा मंदावून रक्तातील पातळी काही दिवसांत वाढते. मग जिन्याची एक पायरी दोन दिसते, तोल जातो, झापड येते, उलट्या होतात. आणि घरचे त्याला तापाचा अशक्तपणा समजतात. अझिथ्रोमायसिनने असा त्रास सहसा होत नाही, म्हणून ते चालेल का, असे विचारायला संकोच नको.

सोडियम व्हॅल्प्रोएटचे उलटे आहे. रुग्णालयात गंभीर संसर्गावर मेरोपेनेमचे इंजेक्शन सुरू झाले, की एक-दोन दिवसांतच व्हॅल्प्रोएटची पातळी निम्म्याहून खाली येऊ शकते, आणि मात्रा वाढवूनही ती सहसा सावरत नाही. अशा वेळी डॉक्टर दुसरे प्रतिजैविक निवडतात किंवा फिटचे आणखी एक औषध तात्पुरते जोडतात. मात्र रुग्ण बेशुद्ध असल्यास ही माहिती नातेवाइकांनीच द्यावी लागते.

क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड हे फेनिटोइन या फिटच्या औषधाची पातळी चढवते, तर रिफॅम्पिसिन ती उतरवते. त्यामुळे अंदाजावर न राहता रक्ततपासणी करून घ्यावी. फेनिटोइनची नेहमीची पातळी मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम धरतात.

जुलाबासाठी दुकानातून परस्पर सिप्रोफ्लॉक्सासिन आणण्याची सवय मात्र सोडावीच, कारण ते स्वतःच फिटला निमंत्रण देऊ शकते.

दोन औषधे जुळत नाहीत असे कळले, तरी फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये आणि संसर्गही अंगावर काढू नये. तापानेही फिट येते. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त लांबल्यास थेट रुग्णालय गाठावे. प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर पातळी पुन्हा बदलते, म्हणून मधल्या काळात मात्रा कमीजास्त केली असेल, तर ती पूर्ववत कधी करायची, ती तारीख डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्यावी.