नव्या कल्पना सुचत नाहीत? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मालक मंडळींशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास निघते: "आमची माणसं कामाला वाघ आहेत, पण डोकं चालवत नाहीत." मला ही तक्रार पटत नाही. तोच कामगार सुट्टीच्या दिवशी शेतातला बंद पडलेला पंप घरातल्या भंगारातून जोडसामान शोधून चालू करतो. म्हणजे डोकं चालतं, फक्त कारखान्यात ते बाहेर येत नाही. कुठं अडतं तेवढं शोधायचं.

मिटिंगमध्ये सगळे गप्प

सगळ्यात जास्त कल्पना इथं मरतात, आणि मारणारा बहुतेक वेळा मालकच असतो. फाउंड्रीचं, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घ्या. चहा येतो, साहेब सुरुवात करतात: "मला वाटतं कोअरमध्येच (साच्याच्या आतल्या भागात) गडबड आहे, म्हणून रिजेक्शन वाढलंय. तुम्हाला काय वाटतं?" झालं! आता मोल्डिंगवरचा माणूस "साहेब, वाळूत ओल जास्त पडतेय, म्हणून ब्लो होल (हवेची भोकं) येतायत" असं कशाला म्हणेल? तो मान डोलावतो आणि बिस्कीट उचलतो.

सगळ्यांनी एकत्र बसून सुचेल ते बोलायचं, ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. पण 1958 मध्येच येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. चार जणांचा एक गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट निघाल्या. पुढं 1987 मधल्या प्रयोगांत मुख्य कारण सापडलं: एकजण बोलत असताना बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि तेवढ्यात सुचलेलं विरून जातं.

म्हणून मिटिंग बंद करू नका, तिचा क्रम बदला. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही. कागद गोळा करून वाचायचे ते मालक सोडून दुसऱ्या कुणीतरी. मालकानं सगळ्यात शेवटी बोलायचं. हे शेवटचं पाळणं फार जड जातं, पण फरक पडतो तो तिथंच. ज्याला लिहायला अवघड जातं त्याला खुर्चीत बसवून लाजवू नका. त्याच्या मशीनपाशी जाऊन उभं राहा, तो हातानं दाखवेल.

"काहीतरी वेगळं करूया"

असल्या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण तो प्रश्नच नाही. कोल्हापूरचे कलाकार बाबूराव पेंटर आणि आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न ठोस होता: चित्रपट काढायचाय आणि कॅमेरा नाही, तर तो आपणच कसा बनवायचा? 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला.

"कोल्हापुरी चपलेत नवीन काय आणायचं?" असं विचारलं की रंग आणि टिकल्या सुचतात. त्यापेक्षा "नवी चप्पल पहिल्या आठवड्यात अंगठ्यापाशी चावते, ते कसं थांबवायचं?" असं विचारा. लगेच चामडं, वादी, शिवण यांवर बोलणं सुरू होतं. हे प्रश्न गिऱ्हाइकाकडून मिळतात, पण विकत घेणाऱ्याकडून कमी. चप्पल पायात घालून, दोन पावलं टाकून, तशीच ठेवून गेलेल्या बाईला विचारा.

दर वेळी भरच घालणं

2021 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं की सुधारणा सुचवा म्हटलं की माणसं काहीतरी वाढवतात; काढून टाकायचं बहुतेकांच्या मनातच येत नाही. गुळाचंच बघा. वेलची, सुंठ, हळद घातलेल्या वड्या कितीतरी आल्या. पण रंग उजळायला टाकायची हायड्रॉस पावडर बंद करून भेंडीच्या चिकानं मळी काढायची, ही वजाबाकी आहे आणि माझ्या मते जास्त धाडसाची. कारण गूळ काळपट दिसतो आणि सौद्यात पिवळ्याधमक गुळाला दर चढतो. तेव्हा ही कल्पना गुऱ्हाळावर पुरी होत नाही. गिऱ्हाईकही वेगळं शोधावं लागतं.

धूळ खाणारी सूचना पेटी

पेटी असते, किल्ली कुणाकडं आहे ते माहीत नसतं. टोयोटात कामगारांच्या सूचनांची योजना 1951 पासून चालते. सूचना देणाऱ्याला उत्तर मिळतं, म्हणून ती टिकली. नकार असला तरी आठवड्यात कारणासकट कळवा. ते जमणार नसेल तर पेटी काढून टाका.

आधी स्टेटस, मग पेटंट

नवीन जिग (काम करताना वस्तू नेमकी धरून ठेवणारं साधन) जमलं की त्याच संध्याकाळी व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर. हौस समजू शकते, पण भारतात अर्जाआधी वस्तू जगजाहीर झाली तर ती 'नवी' राहत नाही आणि पेटंट सहसा हातचं जातं. डिझाइन नोंदणीचंही तेच. सगळं तयार नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो; त्यानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना शुल्कही कमी आहे. जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) भरवशावर मात्र राहू नका. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेला जीआय नावाला आणि मुलखाला संरक्षण देतो. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची तसलीच चप्पल दिसली तेव्हा नुसत्या आकारावर हक्क सांगणं किती अवघड आहे ते कळलं.

आणि प्रत्येक गोष्टीचं पेटंट घ्यायलाच हवं असंही नाही. वाळूत काय किती मिसळायचं, भट्टीत काय कधी टाकायचं, हे तयार माल बघून ओळखता येत नसेल तर गप्प राहणं परवडतं. पेटंटचा अर्ज 18 महिन्यांनी शेजारच्या फाउंड्रीवाल्यालाही वाचता येतो.