इंदुरी ताटात प्रथिने कशी वाढवली
सकाळी पोहे-जिलेबी आणि वर सेव, हा आमच्या इंदूरचा नेम चविष्ट खरा. पण त्यात प्रथिने बेताचीच असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे माझ्या ६० किलो वजनाला जवळपास ५० ग्रॅम, आणि पळीतून पाण्यासारखे ओघळणारे आमचे वरण हा भार पेलणारे नव्हते.

म्हणून वरण घट्ट केले: माणशी ४० ग्रॅम कच्ची तुरीची डाळ, जिच्यातून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोह्यांत मोड आलेली, वाफवलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे येऊ लागले. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी, तर डाळींत मिथिओनिन कमी असते. दोन्ही दिवसभराच्या आहारात असली की एकमेकांची उणीव भरून निघते.

खरा फरक पडला तो सोयाबीनच्या वड्यांमुळे, ज्यांच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मी प्रथिने असतात. माळव्यात सोयाबीन उदंड पिकत असूनही आमच्या घरी त्या त्यांच्या उग्र वासामुळे वर्ज्य होत्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात त्या फुगू द्यायच्या, पाण्यावर पिवळसर फेस आला की ते ओतून टाकायचे, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळायच्या आणि मग कांदा व गोडा मसाला घालून कोरड्या परतायच्या. सासूबाईंना तरीही वास येतोच, त्यामुळे त्यांच्या ताटात पिठले आणि दही असते.