अंगणात बांबूचे पॅरलल बार

जयपूर फूट (कृत्रिम पाय) किंवा कॅलिपर (दुबळ्या पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा) शिबिरात मिळतं, पण ते घालून चालायचा सराव घरीच करायचा असतो आणि घरात धरायला काही नसतं. लकवा झालेल्यांचंही तेच. दोन समांतर दांड्या पुरतात. मात्र उभं राहायला डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने हो म्हटलेलं असावं.

आधी जागा. कुठल्याशा कोपऱ्यात उभे केलेले बार लवकरच कपडे वाळत घालायला जातात. खाटेपासून मोरी-संडासाकडे जायच्या रोजच्या वाटेवर ते उभारा. खाली चोपलेला सपाट मुरूम हवा. सारवलेली जमीन ओली झाली की पाय सरकतो.

माप त्या माणसाचंच घ्या. चप्पल, कॅलिपर, जे घालून चालणार ते घालून दोघांनी धरून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. जमिनीपासून मनगटापर्यंतचं अंतर म्हणजे दांडीची उंची. उभं राहताच येत नसेल तर झोपवून टाचेपासून मोजा. दांडी उंच झाली की खांदे कानाकडे चढतात, बुटकी झाली की माणूस वाकून चालतो; दोन्हींत पायावर भार नीट येत नाही. दोन दांड्यांमधलं अंतर कमरेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी 5 सेंमी जास्त. लहान मुलासाठी वेगळे बार करा, मोठ्यांच्यात ते लोंबकळतं.

सामान: प्रत्येकी 3 मीटरचे दोन सरळ बांबू, मुठीत मावतील असे, साधारण 4 सेंमी जाड. कोकणात माणगा, विदर्भात मानवेल या जातीचा बांबू मिळतो. भरीव आणि तीन वर्षांपुढचा जून बघून घ्या. कोवळ्याला भुंगा लवकर लागतो. शिवाय बेचकं असलेल्या सहा मेढी, तार आणि सायकलची जुनी ट्यूब.

मेढींच्या जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासा. दर दीड मीटरवर एक, 60 सेंमी खोल गाडा आणि दगड-मुरूम घालून थराथराने ठोका. एकदम भरलेला खड्डा हमखास हलतो. बांबूची पेरं कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तळहातात कूस भरते. खिळा मारू नका, बांबू चिरतो. ड्रिलने आडवं भोक पाडून त्यातून तार ओवा आणि मेढीला आवळा, म्हणजे तार वरून जात नाही आणि हात न अडकता सरकतो. बेचक्याची वर आलेली टोकं कापा, मग दांडीवर ट्यूब गुंडाळा. शेवटी धडधाकट माणसाने दांडीवर बाजूने अंग टाकून बघावं. जरा जरी हललं तरी पुन्हा ठोका.

दोन्ही टोकांना खुर्ची ठेवा. सुरुवातीला नुसतं दोन-तीन मिनिटं उभं राहणं, मग भार या पायावरून त्या पायावर, पाऊल त्यानंतर. लकवा असेल तर मदतनीसाने दुबळ्या बाजूला उभं राहून कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात ओढून उचलायची सवय घराघरात दिसते. त्याने खांदा निखळतो. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर असतील तर प्रत्येक सरावानंतर तळवे बघा, कारण जखम दुखणार नाही. जयपूर फूट काढल्यावर आलेला लाल डाग पंधरा मिनिटांत मावळला नाही तर सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ) कुठेतरी रुततंय. सराव थांबवा आणि केंद्रावर दाखवा.

दांडी न आवळता नुसता तळवा टेकवून चालणं जमलं, की एका हातात काठी द्या, दुसरा हात दांडीवर.

पावसाळा सरला की मेढी मुळाशी टोकरून बघा. सुरीचं टोक सहज आत गेलं तर ती मेढ बदला.