पाचगणीच्या पठारावर वळवाचा ढग ओळखताना

मे महिन्यात पाचगणीच्या टेबललँडवर जायचं तर सकाळच्या निरभ्र आकाशावर विसंबू नका. वळवाचे ढग जमीन तापल्यावर वाढतात, म्हणून ते बहुधा दुपारनंतरच चढतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उंच वाढत राहिला आणि त्याचा माथा सपाट पसरला, की तो गडगडाटी झाला समजा. गार वाऱ्याचा झोत आला तर पाऊस दारात आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ने भागा. साधारण तेवढे किलोमीटर वीज दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर घोड्याची फेरी राहू द्या (घोडेवालाही तेच सांगेल), पठार सोडा. झाडाखाली नको, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.