थंडी कमी पडली की मधपेटीकडे जास्त बघा

ज्या वर्षी ग्वाल्हेरला कडाक्याची थंडी पडत नाही त्या वर्षी पेटी उपाशी राहायची भीती जास्त. दुपारी माश्या मस्त उडताना दिसतात म्हणून लोक निश्चिंत होतात, पण आत वेगळंच चाललेलं असतं. बाहेर साधारण 14 डिग्रीच्या खाली गेलं की माश्या एकमेकींना चिकटून गोल घोळका करून बसतात, अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात, आणि कडक थंडीत राणी अंडी घालणं कमी करते, कधी बंदच, म्हणून मध पुरतो. थंडी सौम्य असली की राणी थांबतच नाही, आणि पिलावा, म्हणजे पोळ्यातली अंडी-अळ्या-कोष, असला की तो भाग 34-35 डिग्री ठेवावाच लागतो, वर अळ्यांना भरवायचं ते वेगळं.

म्हणून आधी पेटी मागच्या बाजूने जराशी उचलून बघा, हलकी लागली की समजायचं मध संपत आलाय. उघडायची तर दुपारी, चांगलं ऊन असताना, वारा नको, धुक्याच्या दिवशी तर अजिबात नाही, आणि पटकन बंद करायची कारण अळ्या गारठतात. पिलाव्याच्या दोन्ही बाजूंना मेणाने बंद केलेला मध आहे का एवढंच बघा. पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या माश्या, फक्त मागचा भाग बाहेर, असं दिसलं तर बहुतेक उपासमारच.

मग 2 भाग साखर 1 भाग पाणी असा घट्ट पाक द्या, संध्याकाळी, पेटीच्या आतच. बाहेर थेंबभरही सांडू देऊ नका, दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गूळ-काकवी नकोच, जुलाब होतात त्यांना.

लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या दाट वस्तीत, गच्चीवर पेटी ठेवणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळा, तिथे आसपास फुलं किती असणार! मुरैना-भिंडकडे सरसोंच्या शेतात पेट्या नेणाऱ्यांचं बरं, डिसेंबर-जानेवारीत माश्या मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या लावून येताना दिसतात. तिथे मकरंद सुरू झाला की पाक बंद करा म्हणजे मधात साखर जाणार नाही, आणि सरसोंचा मध पोळ्यातच गोठतो म्हणून वेळेवर काढा. शेतवाल्या भैयाला आधीच भेटून ठेवा, माहूवर (मावा किडीवर) फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारा म्हणावं, आणि कधी फवारणार ते आदल्या दिवशी आपल्याला कळवायला सांगा.

अजून एक, पिलावा थांबला नाही तर व्हरोआ माइट, म्हणजे माश्यांवर जगणारा बारीक परजीवी, तोही थांबत नाही, तो पिलाव्याच्या बंद घरांतच वाढतो. दारासमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या चालताना दिसल्या तर लगेच तपासणी करा, वसंतापर्यंत थांबू नका.

फेब्रुवारीत फ्रेमच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं लटकलेली दिसली म्हणजे वसाहत फुटून बऱ्याच माश्या जुन्या राणीबरोबर घर सोडायच्या तयारीत आहेत. नुसती रिकामी फ्रेम देऊन तेव्हा भागत नाही, पेटीचे दोन भाग करून टाका.