थीब्जच्या शंकूवरचं नाव कसं वाचायचं

इजिप्तमधल्या लुक्सॉरसमोर (हेच प्राचीन थीब्ज), नाईलच्या पश्चिम तीरावरच्या थडग्यांच्या परिसरात भाजलेल्या मातीचे शंकू ढिगानं सापडतात. टोक भिंतीत, गोल तोंड बाहेर असे ते दर्शनी भागावर ओळीनं बसवत. तोंडावर अधिकाऱ्याच्या नावाचा आणि हुद्द्यांचा ठसा. भट्टीत जाण्याआधी ओल्या मातीवर मारलेला. टोक मोडून नुसती चकतीच हाती आली तरी वाचायला तेवढी पुरते.

आधी उजेड. टॉर्च एका बाजूनं, चकतीला जवळजवळ टेकवून धरा, मग बाजू बदलून तीन-चार फोटो काढा. प्रकाश खालून आला की फोटोत खोलगट भाग उठावाचे दिसतात, म्हणून एक तरी फोटो वरच्या डावीकडच्या उजेडात हवाच. ठसा उमटावा म्हणून पाणी किंवा खडू लावू नका. काही तोंडांवर लाल वा पांढरा रंग शिल्लक असतो, तो जातो.

आता ठशातल्या चित्रलिपीतल्या (हायरोग्लिफ) पक्ष्यांची तोंडं पाहा. ती जिकडे वळलेली, तिकडून वाचायला सुरुवात. मजकूर बहुधा उभ्या रकान्यांत असतो. सुरुवातीला पुष्कळदा ‘इमाखी खेर उसिर’, म्हणजे ओसायरिसजवळ (मृतांचा देव) सन्मानित. पण आम्ही शेवटाकडूनच सुरू करा म्हणू: ‘मा-खेरू’ (निर्दोष ठरलेला, म्हणजेच दिवंगत) शोधा. त्याच्या अगदी आधी नाव, नावाआधी हुद्दे.

हुद्द्यांत फसगत होते ती राजाच्या चिन्हामुळे. ‘नेसू’चं (म्हणजे राजाचं) झुडूप मानापोटी आधी लिहितात, वाचायचं मात्र नंतर: झुडूप, मग लेखणी-दौतीचा संच, वाचन ‘सेश नेसू’, राजलेखक. झुडूप आणि बदक असेल तर ‘सा नेसू’, राजपुत्र. इथे घाई नको. फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातल्या मेरीमोसच्या शंकूंवर ‘कुशचा राजपुत्र’ असतं. तो राजाचा मुलगा नव्हता, इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचा (कुश तिथलाच) कारभार पाहणारा सुभेदार होता. पुढे परमुलखाचं तीन टेकड्यांचं चिन्ह आलं की तो हुद्दाच समजा.

ठसा घसरला की चिन्हं दुहेरी दिसतात, कडेची तर उमटतच नाहीत. एकाच साच्याचे अनेक शंकू असतात, तेव्हा गाळलेलं दुसऱ्या प्रतीवरून भरता येतं. पण एकाच माणसाचे साचेही अनेक असत. रकान्यांच्या रेघा आणि चिन्हांची मांडणी तंतोतंत जुळेपर्यंत ती जागा चौकटी कंसात रिकामीच ठेवा.