सिम८००एल सतत रीस्टार्ट होतंय? आधी सप्लाय नीट द्या

विहिरीवरची मोटर फोनवरून चालू करणारं सर्किट असो, नाहीतर टाकी भरल्याचा एसएमएस पाठवणारं, बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. सिम८००एल या, सिमकार्डावर चालणाऱ्या टूजी मॉड्यूलचा दिवा पाच-सात वेळा लुकलुकतो, आता नेटवर्क मिळणार असं वाटतं आणि मॉड्यूल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग लायब्ररी बदलली जाते, बॉड रेट (संवादाचा वेग) बदलला जातो, शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीतून दुसरं मॉड्यूल येतं आणि तेही तसंच वागतं. बहुतेक वेळा कोडचा काही दोष नसतो, सप्लाय कमी पडत असतो.

सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. ४.० ठेवा. आर्डुइनो कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ते जास्त होतं, ३.३ च्या पिनेवर कमी. दोन्ही पिना विसरा.

खरी मेख: दोन अँपिअरचा झटका

मल्टिमीटर लावून "पाव अँपिअरच तर घेतंय" असं म्हणणारे इथेच फसतात. टूजी मॉड्यूल सतत बोलत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांत साधारण ०.५८ मिलिसेकंदच ते प्रक्षेपण करतं आणि तेवढ्यापुरते २ अँपिअरपर्यंत ओढतं. कॉल चालू असताना असे झटके सेकंदाला २१७ बसतात. स्पीकरजवळ मोबाइल ठेवल्यावर फोन यायच्या जरा आधी जी घरघर ऐकू यायची, ती हीच. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे झटक्यात व्होल्टेजला पडणारा खड्डा दिसत नाही. मॉड्यूलला मात्र तो दिसतो आणि व्होल्टेज ३.४ च्या खाली गेलं की ते बंद पडतं.

"हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, सगळं ठीक होईल" हा सल्ला अर्धवट आहे. हिशोब करून बघा. सप्लाय १ अँपिअर देत असेल, तर उरलेला १ अँपिअर कपॅसिटरने द्यायचा. ०.५८ मिलिसेकंदांत १००० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज जवळजवळ ०.६ ने घसरतं. चार व्होल्टांवरून थेट ३.४, म्हणजे अगदी काठावर. कपॅसिटरचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर आणखी ०.१ व्होल्ट गेला. कपॅसिटर मदतनीस आहे, सप्लाय नाही. २ अँपिअर सप्लायलाच देता आले पाहिजेत.

आणि वायरी! ब्रेडबोर्ड आणि केसासारख्या जंपर वायरींवर हे मॉड्यूल कधीही चालवू नका. जाण्या-येण्याच्या वायरी आणि ब्रेडबोर्डच्या क्लिपा मिळून पाव ओहम भरला, तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरच्या टोकाशी ४.० दिसतात आणि मॉड्यूलपाशी ३.५ पोचतात.

टाळायच्या जोडण्या: एएमएस१११७ या रेग्युलेटरची झेप एक अँपिअरपर्यंतच. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर असल्या झटक्यात मान टाकते. ५ व्होल्टला १एन४००७ डायोड लावून ४.३ करण्याची युक्ती फार फिरते. त्या डायोडवर मोकळ्या वेळी ०.७ पडतात, झटक्यात एकाहून जास्त, त्यामुळे व्होल्टेज स्थिर राहतच नाही. त्यात अडॅप्टर ५.२ चा निघाला तर मोकळ्या वेळी मॉड्यूल वरच्या मर्यादेबाहेर.

जोडणी, याच क्रमाने

१. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर आणि एलएम२५९६ चं बक बोर्ड घ्या. बक बोर्ड व्होल्टेज उतरवताना करंट वाढवतं, म्हणून ४ व्होल्टला २ अँपिअर यातूनच मिळतात. बक बोर्डाला ५ व्होल्ट देऊन ४ काढायला जाऊ नका, त्याला वर दीड-दोन व्होल्टांची मोकळीक लागते. मॉड्यूल न जोडता, मीटर लावून स्क्रू फिरवा आणि ४.० वर आणा. सुरुवातीचे कितीतरी फेरे काहीच बदलत नाही, घाबरू नका. हे मॉड्यूल जोडून केलं तर पहिल्याच क्षणी ते जळू शकतं. नव्या बोर्डातून बारा-अकरा व्होल्टही बाहेर येत असतात.

२. १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर मॉड्यूलच्या सप्लाय पिनांना थेट झाळा. बक बोर्डापाशी नव्हे. शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक.

३. सप्लायच्या वायरी वीतभराहून लांब नकोत, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या घ्या आणि झाळून टाका. आर्डुइनो आणि मॉड्यूलची ग्राउंड एकच हवी.

४. आर्डुइनोची टीएक्स (संदेश पाठवणारी) पिन थेट जोडू नका. मॉड्यूलचं लॉजिक २.८ व्होल्टचं आहे. टीएक्सपासून ४.७ किलोओहम, पुढे मॉड्यूलची आरएक्स (संदेश घेणारी) पिन आणि तिथून ग्राउंडला ५.६ किलोओहम. २.७ व्होल्ट मिळतात. मॉड्यूल बंद असताना टीएक्समधून चोरटा करंट आत शिरून ते अर्धवट जागं राहण्याचा त्रासही या रोधांनी कमी होतो.

५. अँटेना आणि सिम सप्लाय बंद असतानाच. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन-लॉक काढून टाका. जिओचं सिम चालणार नाही, ते नेटवर्क फोरजी-फाइव्हजीचं आहे. हे मॉड्यूल टूजीचं.

६. सप्लाय द्या. छोट्या लाल बोर्डावर ते आपोआप सुरू होतं. नुसतं मॉड्यूल असेल तर पॉवर-की पिन सेकंदभर ग्राउंडला धरा. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला तर नेटवर्क शोधतंय. तीन सेकंदांनी एकदा, तर मिळालं.

तपासणी

आर्डुइनोमार्फत मॉड्यूलला "एटी" ही आज्ञा पाठवून "ओके" आलं की "एटी+आयपीआर=९६००" देऊन वेग पक्का करा. वेग आपोआप ओळखण्याच्या अवस्थेत असताना पहिलं "एटी" पोचेपर्यंत मॉड्यूल स्वतःहून काही कळवत नाही. "अंडर-व्होल्टेज"चा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा इशाराही तेव्हा गिळला जातो. मग एक कॉल लावून मिनिटभर चालू ठेवा. इशारा आला तर कोड उघडू नका, वायरी बघा. "एटी+सीबीसी" ने येणारं व्होल्टेज बघायला हरकत नाही, पण तोही सरासरीचा आकडा. खड्डा बघायचा तर मॉड्यूलच्या पिनांवर ऑसिलोस्कोप लावावा लागतो.

ही चाचणी टॉवरजवळच्या घरात करून खूश होऊ नका. सिग्नल चांगला असला की मॉड्यूल कमी ताकदीने बोलतं. शेतात, टॉवरपासून लांब, ते पूर्ण जोर लावतं आणि घरी महिनाभर चाललेलं सर्किट तिथे पहिल्या कॉलला बसतं. स्टार्टरच्या पेटीपर्यंत वायर लांब न्यायची असेल तर ४ व्होल्ट नेऊ नका. १२ व्होल्ट न्या आणि बक बोर्ड मॉड्यूलशेजारी बसवा.

बंद करताना सप्लाय खेचू नका. "एटी+सीपीओडब्ल्यूडी=१" द्या, "नॉर्मल पॉवर डाऊन" आलं की मग स्विच.